यंदा नाताळची चांदणी लावू की नको?

प्रश्न: बाई, गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझे यजमान गेले. मालवणजवळ आमची वाडी. ते होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, इंजिनाचं कर्ज अजून फिटायचंय. सासूबाई म्हणतात, वर्षाच्या आत दारात चांदणी नाही, नाताळच्या नेवऱ्या (करंज्या) नाहीत. नऊ वर्षांचा मुलगा रोज विचारतो. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी फादर ‘आनंद करा’ म्हणतील, दरवर्षी म्हणतात. यंदा ते ऐकत बसवणार नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: बाय, उठून गेलीस तरी देव रागावणार नाही. पण एक ऐक. ‘आनंद करा’ हे शब्द संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिले ते कैदेत असताना. त्याच पत्रात तो सांगतो, सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला म्हणून माझ्यावर दुःखावर दुःख आलं नाही. म्हणजे पहिलं दुःख होतंच! प्रवचनात एवढं सांगतातच असं नाही.

नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी, 28 डिसेंबरला, चर्च हेरोद राजाने बाळ येशूला मारायला निघून मारलेल्या बाळांची आठवण करतं. मत्तय आपल्या शुभवर्तमानात तिथे राहेल या आईचं लेकरांसाठीचं रडणं लिहितो. तिला सांत्वन नकोच आहे, आणि तिला कुणी गप्पही करत नाही.

माझे यजमान गेले त्या वर्षी मी येशूजन्माचा गोठासुद्धा मांडला नाही. शेजारीण नेवऱ्यांचा डबा दारात ठेवून न बोलता निघून गेली. दोन नेवऱ्या फुटल्या होत्या, आतलं चून (सारण) डब्याच्या तळाशी सांडलेलं. ते मी उभ्या उभ्या चमच्याने खाल्लं आणि किती दिवसांनी कळलं, आपल्याला भूक लागलीय. तेव्हा त्याला आशा म्हटलं असतं तर मी चिडले असते. आज म्हणते.

चांदणीवरून सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांचा मुलगा गेलाय. पण गोठ्याला त्यांची ना दिसत नाही. लेकाला आत्ताच नाचणी भिजवायला सांग. पत्र्याच्या डब्याच्या झाकणात माती, वर भिजलेली नाचणी, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. नाताळापर्यंत गोठ्यात मांडायला बोटभर हिरवळ येते. पाणी घालायचं काम सासूबाईंकडे दे. पोरं दोन दिवसांत विसरतात.

कर्जाचे कागद घेऊन बसशील तेव्हा हिशेब कळणारं माणूस सोबत ने आणि न वाचता कुठेही सही करू नकोस.

नाताळच्या मिस्साला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बस. त्या वर्षी मी तिथेच बसले होते. गाणी म्हटली नाहीत, नुसती ऐकली.