नावाचं पुस्तक आणलं, पण तो वाचत नाही : पालकांचे प्रश्न

मुलाचं नाव घालून छापलेली गोष्टीची पुस्तकं हल्ली वाढदिवसाला खूप दिली जातात, आणि यावेळी त्यावरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे बाजूला ठेवून फक्त हेच घेतेय. मी २२ वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवतेय, उत्तरं त्या अनुभवातूनच देतेय.

ताई, मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याच्या नावाचं पुस्तक ऑनलाइन मागवलं, महाग होतं. पहिले दोन दिवस उड्या मारल्या, आता पूर्ण पाठ झालंय आणि तो फक्त स्वतःचं नाव दिसलं की बोट ठेवतो. बाकी शब्द वाचतच नाही. पैसे वाया गेले का? (एक आई, नाशिक)

नाही गेले. पाठ म्हणणं ही चूक नाहीये, बरीच मुलं अशीच सुरुवात करतात, आधी गोष्ट तोंडात बसते आणि मग हळूहळू कळतं की आपण जे बोलतोय ते या काळ्या आकारांमध्ये आहे. तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावर उभा आहे. आता त्याचं आवडतं एक वाक्य, पुस्तकातलं, जाड कागदाच्या पट्टीवर मोठं लिहा आणि त्याच्यासमोर कात्रीने शब्द-शब्द वेगळे कापा. मग त्याला म्हणा, लाव बरं परत. पाठ असल्यामुळे त्याला माहीत असतं की कुठला शब्द आधी यायला हवा, आणि तो शोधताना तो पहिल्यांदा खरंच अक्षरांकडे बघतो.

दुसरं, नावाचा उपयोग करा. नाव हा मुलाला ओळखू येणारा बहुतेक वेळा पहिला शब्द असतो. समजा नाव कबीर आहे. क, ब, र आणि एक दुसरी वेलांटी त्याच्याकडे आलीच की! त्यातून रबर होतो, कर होतो, आणि जागा बदलल्या की बकरी होते. माझ्या नावात बकरी आहे हे कळल्यावर मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. प्रत्येक नावातून इतकं निघत नाही, पण दोन-तीन शब्द तरी निघतातच.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिका माओरी मुलांना शिकवायच्या, त्या मुलाला विचारायच्या की तुला आज कुठला शब्द हवा, आणि तो एका कार्डावर लिहून त्यालाच देऊन टाकायच्या. दुसऱ्या दिवशी मुलाला तो शब्द ओळखू आला नाही तर कार्ड काढून टाकायचं, कारण तो शब्द त्याच्या मनातला नव्हताच. मुलं मागायची ते शब्द आईचे, भीतीचे, भांडणाचे असायचे. मला वाटतं नावाच्या पुस्तकामागची कल्पनाही मुळात हीच आहे, फक्त छापील पुस्तकात नाव तेवढं मुलाचं असतं आणि बाकीचे शब्द दुसऱ्या कुणाचे तरी. त्यात पानाला पाच-सहा ओळी, यमकं, जोडाक्षरं. ते तुम्ही त्याला वाचून दाखवायचं पुस्तक आहे, खुशाल दाखवा. त्याने आपलं आपण वाचायचं पुस्तक वेगळं लागतं, त्यावर पुढे आजींच्या प्रश्नात लिहिलंय.

मी मुलीसाठी मराठीत पुस्तक करून घेतलं. आत "अनया ने डोळे उघडले" असं ने सुटं छापलंय, दोन पानांवर ती "धावत सुटला", आणि एका ठिकाणी वेलांटी भलत्याच अक्षरावर आहे. मी उगाच चिडतेय का? (एक आई, ठाणे)

अजिबात उगाच नाही. मलाही याचा राग येतो कारण मूल वाचायला शिकत असताना पुस्तकात जे छापलंय ते त्याच्यासाठी खरं असतं.

इंग्रजीत गोष्ट एकदा लिहिली की नावाच्या जागी दुसरं नाव टाकलं, फार तर ही-शी बदललं की बरंचसं काम होतं. मराठीत तसं होत नाही. हिंदीत ने, को सुटे लिहितात, आपल्याकडे अनयाने, अनयाला, अनयाचा असा प्रत्यय नावाला चिकटतो, म्हणजे नुसतं नाव बदलून भागत नाही, चिकटलेला शब्दही नीट बनायला हवा. त्यावर क्रियापद. मुलगा गेला, रडला, दमला, मुलगी गेली, रडली, दमली. विशेषणंसुद्धा, शहाणा आणि शहाणी. म्हणजे मराठी गोष्ट मुलासाठी एक आणि मुलीसाठी एक अशी दोनदा लिहूनच काढायला लागते आणि दोन्हीवर माणसाची नजर फिरायला लागते. जे एकच गोष्ट इंग्रजीवरून उतरवून दहा भाषांत विकतात त्यांच्याकडे हे राहून जातं. वेलांटीचं कारण वेगळं आहे, छपाईचं सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवत नसलं की पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो.

अजून एक बघा, ल आणि श. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा काना असलेला ल यात आपल्याला काही वाटत नाही, पण पाच वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटू शकतात. मराठीसाठी कुठली वळणं वापरायची याचा शासन निर्णय २००९ साली निघाला आणि शाळेच्या पुस्तकात मूल मराठी वळणच बघतं. घरच्या पुस्तकात दुसरं दिसलं की ते अडतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

पुढच्या वेळी छापायच्या आधी सगळ्या पानांची पीडीएफ मागा आणि मोठ्याने वाचा, डोळ्याला न दिसलेली चूक कानाला कळते. देत नसतील तर ऑर्डर करू नका. हातात आहे त्या पुस्तकाचं काय, तर पांढरं स्टिकर आणा, लेकीला शेजारी घ्या, चुकलेल्या शब्दावर चिकटवून दोघी मिळून बरोबर शब्द लिहा. "सुटला नाही आई, सुटली!" हे ती स्वतः पकडेल, आणि ते पकडायला तिला वाचावं लागेल.

नातू न्यू जर्सीत, सात वर्षांचा. मराठी कळतं, बोलतो मोडकंतोडकं, इंग्रजी भराभर वाचतो. मराठी पुस्तकं पाठवली ती कपाटात पडून आहेत. त्याच्या नावाचं पाठवू का? (एक आजी, सांगली)

आजी, विकत नका घेऊ, तुम्हीच करा. तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याच कंपनीकडे नाही, कारण त्याच्या डोक्यातली मराठी म्हणजे तुम्ही, तुमचं घर आणि तुमच्याशी होणारं फोनवरचं बोलणं.

पुढच्या व्हिडिओ कॉलला तो जे बोलेल ते कागदावर उतरवून घ्या, जसंच्या तसं. "आजी, मांजर कुठे आहे?" असं म्हणाला तर तेच पहिलं पान. ए-फोरचा एक कागद तीन घड्या घालून उघडलात की आठ चौकोन होतात, मधल्या घडीवर एक काप दिला की आठ पानांचं पुस्तक तयार होतं, स्टेपलरही लागत नाही. शेजारच्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, दाखवेल करून. एका पानावर एक वाक्य, तीन-चार शब्दांचं, आणि तोच साचा परत परत. मांजर झोपाळ्यावर नाही. मांजर माळ्यावर नाही. मांजर ताटाजवळ नाही. तुमच्या घराचे फोटो चिकटवा, आणि शेवटच्या पानावर मांजर त्याच्याच फोटोशेजारी बसलेली दाखवा. अक्षर तुमचंच असू दे, फक्त मोठं आणि सुटं काढा.

त्याला वाचणं म्हणजे काय हे माहीत आहे, लिपी तेवढी नवी आहे, त्यामुळे तो लहान मुलापेक्षा लवकर शिकेल. दोन ठिकाणी अडखळेल. एक म्हणजे पहिली वेलांटी, ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि म्हणायची नंतर, इंग्रजी वाचणारं मूल तिला आधी म्हणू बघतं. पहिल्या दोन-तीन पुस्तकांत असे शब्द कमीच ठेवा. दुसरं म्हणजे चमच्यातला च आणि चहातला च, जागेतला ज आणि जेवणातला ज. अक्षर एकच, उच्चार दोन, आणि ते फक्त ऐकूनच कळतं. म्हणून पुस्तकासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवा, पान उलटायची वेळ आली की वाटीवर चमचा वाजवा. आणि सून-मुलाला सांगा की खाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून देऊ नका, तो तेवढंच वाचेल आणि वरचं बघणारच नाही. तिकडे बऱ्याच गावांत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा चालतात, जवळ असेल तर हे पुस्तक घेऊन त्याला तिथे जाऊ दे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी एकत्र, ३१ मुलं. घरी वारली बोलतात. प्रत्येकाचं पुस्तक करायला ना वेळ ना पैसे. (एक शिक्षक, पालघर जिल्हा)

सर, तुमच्याच जिल्ह्यात हे काम फार आधी झालंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. विकतची साधनं परवडणारी नव्हती तेव्हा बिया, पानं, खडे, शंख-शिंपले यांचीच साधनं केली, आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. मुलाच्या जवळचं जे आहे तिथून सुरू करायचं हे पुस्तकालाही लागू आहे.

३१ पुस्तकं करू नका, ३१ पानांचं एक करा. रोज दोन मुलं. मूल काल काय झालं ते सांगेल, त्यातलं एक वाक्य तुम्ही त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत देवनागरीत लिहायचं, चित्र त्याने काढायचं. साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत पुस्तक होतं, सुई-दोऱ्याने शिवा, खिळ्याला अडकवून ठेवा, हातात येईल इतक्या उंचीवर. वाक्य सुधारायचा मोह होईल, पहिल्या फेरीत आवरा. मुलाने सांगितलं एक आणि कागदावर आलं भलतंच असं झालं की त्याच्या दृष्टीने लिहिलेल्याचा बोललेल्याशी संबंधच तुटतो. दुसऱ्या फेरीत त्याच वाक्याखाली पुस्तकी मराठी लिहा, मुलं दोन्ही वाचतात आणि फरकावर बोलायलाही लागतात. आपलं पान वाचून झालं की मित्राचं वाचतात, कारण ते कुणाचं आहे आणि त्यात काय आहे हे आधीच ठाऊक असतं.

छापील हवं असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून. पुस्तकं खुल्या परवान्यावर आहेत, मराठीही आहेत, चार पातळ्यांत लावलेली. डाउनलोड करून प्रिंट काढता येते, शब्द बदलून स्थानिक बोलीतही करता येतात, मूळ लेखक-चित्रकारांची नावं तेवढी ठेवायची.

साइटवर मुलाचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा सगळं मागतात. द्यावं का? (एक बाबा, पुणे)

पहिलं नाव पुरे. शाळा आणि जन्मतारीख यांचा गोष्टीशी काही संबंध नाही, देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, तेव्हा फोटो कशासाठी वापरणार आणि कधी काढून टाकणार हे बिनधास्त विचारा. फोटोऐवजी मुलाने स्वतःचं काढलेलं चित्र चालतं का तेही विचारा, मला तर तेच जास्त आवडतं.

मुलगी सात वर्षांची, आम्ही घरी अशी अकरा पुस्तकं केली. आता ज्यात ती नाही असं पुस्तक ती हातात धरत नाही. आत्मकेंद्री होतेय का? (एक बाबा, कोल्हापूर)

काळजी बरोबर आहे पण घाबरू नका. नतालिया कुचिर्कोव्हा या संशोधक अशा पुस्तकांचा बरीच वर्षं अभ्यास करताहेत. त्यांच्या छोट्या अभ्यासांत दिसलं की स्वतःचं पुस्तक वाचताना मुलं जास्त हसतात, जास्त बोलतात, नवे शब्दही चांगले उचलतात, पण जे बोलतात ते स्वतःबद्दलच जास्त असतं. तुमच्या घरी तेच चाललंय.

बारावं पुस्तक तिचं करू नका, तिला करायला लावा, आणि दुसऱ्या कुणाचं तरी. घरात पणजी असेल तर उत्तम, नसेल तर आत्या, दूधवाले काका, शेजारची मैत्रीण. तिने जाऊन विचारायचं, तुम्ही लहान असताना काय हरवलं होतं? आलेलं उत्तर तिने लिहायचं, चित्र काढायचं, आणि त्या माणसाला स्वतः वाचून दाखवायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजोबांच्या हरवलेल्या चपलेचं असं पुस्तक केलं होतं. आजोबा ऐकता ऐकता म्हणाले, चप्पल नव्हे गं, वहाण. ती लगेच उठली, खोडरबर घेतला, आणि पाचही पानांवरची चप्पल शोधून शोधून खोडायला बसली.