माप आजचं घे

प्रिय मुली,

तुझा निरोप वाचला. ग्वाल्हेरचा मे महिना, आणि तुझ्या अंगावर लेगिंग, पॉलिस्टरचा कुर्ता आणि दंड दिसू नयेत म्हणून वरून डेनिमचं जाकीट. त्याखाली लिहिलंयस, ‘दहा किलो कमी झाले की कॉटनचे नीट शिवून घेईन.’ हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. वजनाचं तू आणि तुझे डॉक्टर बघा. ऊन मात्र आज आहे, अंगही आज आहे. माप आजचं घे.

‘कोण बघतंय तुझ्याकडे’ असं मी म्हणणार नाही. बाड्यावरच्या बाजारात लोक बघतात, आणि लग्नघरात एखादी आत्या बोलूनही दाखवते. म्हणून अंग झाकावंसं वाटलं तर खुशाल झाक. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात ते शहाणपणाचंही आहे. पारा 42च्या वर गेला की लू अंगापेक्षा गरम असते. उघड्या दंडाला तिची झळ लागते आणि वरून ऊनही बसतं. सैल, सुती, पूर्ण बाहीत सावली मिळते आणि घामही वाळतो. म्हणजे तुझ्या पूर्ण बाहीत काहीच चूक नाही, वाईट आहे ते जाकीट. त्यातून वारा खेळत नाही, घाम आतल्या आत राहतो.

आता कापड. रोजच्या वापराला मलमल, वॉयल किंवा कॅम्ब्रिक अशी हलकी सुती कापडं घे. मलमल आणि वॉयल पारदर्शक असतात, त्यांना अस्तर लागतं. ते अस्तर सुतीच हवं. टेलरकडे पडलेलं चकचकीत पॉलिस्टरचं अस्तर लावलंस तर वरचं महागडं कापड वाया गेलं समज. चंदेरी आपल्या घरची म्हणून मोह होतो, पण तिच्यात बहुतेक वेळा रेशीम असतं आणि तीही पारदर्शक. ती संध्याकाळच्या कार्यक्रमाला ठेव. दुकानात रेयॉनलाही सर्रास ‘कॉटन’ म्हणतात. दोन धागे ओढून जाळून बघ: पॉलिस्टर वितळून कडक गाठ होते, सुताची मऊ राख होते. रेयॉनही कागदासारखाच जळतो, म्हणून एक धागा ओला करून ओढ. रेयॉन ओला झाला की पटकन तुटतो. घाम आला की तो जड होऊन पोटाला चिकटतो, आणि तुला नेमकं तेच नको आहे. घामाचे डाग करड्या आणि आकाशी रंगावर सर्वांत जास्त दिसतात. पांढऱ्यावर, गडद निळ्यावर आणि बारीक छापावर फारसे दिसत नाहीत.

किती घ्यायचं? गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाहीचा कुर्ता आणि पन्हा 44 इंच असेल तर 3 मीटर. दुकानदार अडीच म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. घेराचा कुर्ता तयार छातीत 48 इंच झाला की पुढचा आणि मागचा भाग 44च्या पन्ह्यात शेजारी शेजारी बसत नाहीत. कापड कमी पडलं की मास्टर सैलपणात काटछाट करतो, कुर्ता घट्ट होतो आणि खापर तू स्वतःच्या अंगावर फोडतेस. शिवायला देण्याआधी कापड रात्रभर पाण्यात बुडव, सावलीत वाळव. कोरं सूत अडीच मीटरला आठ-दहा सेंटीमीटरही आटतं.

आता माप, ज्याच्यासाठी तू टाळाटाळ करतेस. सरळ उभी राहा, श्वास नेहमीसारखा, पोट आत ओढायचं नाही. टेप जमिनीला समांतर ठेव. दंडाचं माप हात कोपरात वाकवून घे. नितंबांचं उभं राहून घे आणि खुर्चीवर बसूनही घे. बसल्यावर ते इंच-दोन इंच वाढतं, आणि कुर्ता कापायचा तो त्या मोठ्या आकड्यावर. मग छातीत 4 इंच, नितंबांत 4 ते 5, दंडात 3 इंच सैल. कागदावर लिहून मास्टरच्या हातात दे. ‘जरा सैल ठेवा’ असं तोंडी सांगितलंस तर तो स्वतःच्या अंदाजाने शिवेल. जुना कुर्ता मापाला देऊ नकोस, तो दोन वर्षांपूर्वीचा आहे. माप आजचं!

सैल आणि ढगळ यात गल्लत करू नकोस. तयार XXL घेतलास तर खांदा दंडावर उतरतो, काख खाली जाते आणि हात वर केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो. मग तू दिवसभर तो खाली खेचत बसतेस. खांदा इंचभरही इकडेतिकडे नको. काख फार खोल नको, बाही मात्र रुंद हवी. काखेखाली चौकोनी तुकडा घालायला सांग, मास्टर त्याला चौबगला म्हणतात. पोट झाकायचं असेल तर बाजूच्या कळ्या, म्हणजे घेरासाठी जोडतात ते तिकोनी तुकडे, कमरेच्या वरूनच सोडायला सांग.

आणि तुझे ते दहा किलो. शिवणीत दोन्ही बाजूंना दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांग. वाढलीस तर चार इंचांपर्यंत उसवता येतं, कमी झालीस तर टीप आत घ्यायला दहा मिनिटं पुरतात. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, हट्टी आहे असंही म्हणतात. म्हणोत. ‘बारीक झाल्यावर’ म्हणत कपाटात पडून राहिलेली कापडं घडीवर विरतात, आणि घामोळं इकडे दरवर्षी येतं.

मांड्या घासतात हे तू आडून लिहिलंस. लाजण्यासारखं काय त्यात? लेगिंग टाक, सुती पलाझो किंवा सलवार घाल आणि आत ताणणाऱ्या विणीची सुती शॉर्ट. तिची लांबी मांड्या जिथे टेकतात त्याच्या दोन इंच खाली हवी, वर राहिली तर तिचा काठ गुंडाळून तिथेच कापतो. पावडर घामात लगदा होते, त्यापेक्षा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर बरा. छातीखाली आणि जांघेत आंघोळीनंतर टिपून कोरडं कर. गोल चट्टा उठला, खाज आली तर केमिस्टकडून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणू नकोस. आधी बरं वाटतं, मग चट्टा पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

जुलैत हवा दमट झाली की घाम वाळत नाही. तेव्हा अस्तराचे कुर्ते ठेवून दे, कोपरापर्यंत बाहीचे एकेरी कॅम्ब्रिकचे काढ.

लग्नसराईत मास्टर महिनाभर ताटकळत ठेवतात, त्यामुळे उद्याच जा. आधी एकच कुर्ता शिवून घे. दुकानातच घालून खाली बस, दोन्ही हात डोक्यावर ने, पाठीमागे ओढणी टाकून बघ. कुठे ओढलं तर तिथल्या तिथे खडूने खूण करून घे, आणि ते दुरुस्त झाल्यावरच बाकीची कापडं दे.

तुझी,
काकू