पांढऱ्या कॅलेडियमची रिकामी कुंडी

प्रश्न : श्रावणात रोपवाटिकेतून पांढऱ्या पानांचे, हिरव्या शिरांचे कॅलेडियम आणले. पश्चिमेच्या गॅलरीत पानांवर तपकिरी चट्टे पडले, म्हणून आत घेतले. दिवाळीनंतर मात्र एकेक पान पिवळे पडून गळाले आणि आता कुंडीत नुसती माती आहे. रोज थोडे पाणी घालते. झाड मेले का? घरात लहान मूल आहे, त्याने पान चावले तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम, पाणी घालणे आजच थांबवा. आपले झाड बहुधा मेलेले नाही. कॅलेडियम हे दक्षिण अमेरिकेतील उष्ण प्रदेशातले, अळूच्याच कुळातले कंदवर्गीय झाड असून, थंडी सुरू झाली की पाने टाकून कंदाच्या रूपाने काही महिने विश्रांती घेणे हा त्याचा स्वभावच आहे. या काळात ओली राहिलेली मातीच त्याचा घात करते. थंडीने मरतात त्याहून कितीतरी अधिक झाडे अशा मायेने घातलेल्या पाण्याने कुजतात, याचे फार वाईट वाटते.

कुंडीतली माती हलक्या हाताने उकरून कंद बाहेर काढा आणि बोटाने दाबून पाहा. ताज्या अळकुडीसारखा टणक लागला, तर तो जिवंत आहे. एखादी बाजू मऊ पडली असेल व तिला कुबट वास येत असेल, तर तेवढा भाग स्वच्छ सुरीने कापून टाकावा, कापलेल्या जागी राख लावावी आणि कंद सावलीत आठवडाभर सुकू द्यावा. नंतर तो कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), कागदी पिशवीत घालून घरातच ठेवावा. नाशिकची थंडी पाहता गॅलरीत अजिबात ठेवू नये, कारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेलेले या कंदांना मानवत नाही. फ्लोरिडातील लेक प्लॅसिड परिसरात हे कंद शेतात पिकवतात, आणि तेथेही ते हिवाळ्यात काढून, सुकवूनच विकले जातात.

चैत्रात, माती चांगली उबदार झाल्यावर, माती, कोकोपीट आणि गांडूळखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात कंद डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) वर करून सुमारे ५ सेंटिमीटर खोल लावा. कोंब दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर माती फक्त दमट असावी.

चट्ट्यांचे कारण पश्चिमेचे ऊन हेच आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे तो लवकर करपतो, आणि अन्न तयार करण्याचा भार मुख्यतः हिरव्या शिरांवर पडतो. म्हणून सकाळचे कोवळे ऊन किंवा जाळीतून गाळून येणारा उजेड द्यावा. पार अंधाऱ्या कोपऱ्यात देठ लांबून पाने लोळतात. नत्रयुक्त खताचा हातही आखडता ठेवावा, कारण ते जास्त झाले की पांढरेपणावर हिरवी झाक चढते.

मुलाची काळजी मात्र रास्त आहे. भाजीच्या अळूसारखे हे झाड खाण्याचे नाही, शिजवूनही नाही. याच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि पान चावताच तोंडाची आग होऊन ओठ-जीभ सुजतात. तसे झाल्यास तोंड पुसून, चूळ भरायला लावून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. कंद कापताना हातमोजे घालावेत आणि कंदाची पिशवीसुद्धा कांदे-बटाट्यांच्या टोपलीजवळ न ठेवता उंच फळीवर ठेवावी.