डॉकिंग स्कोअर नंतर, टार्गेट आधी

भाऊ, फॅटी लिव्हरच्या एम. फार्म. प्रोजेक्टसाठी तू एएसके-१ या काइनेजवर (पेशीतले निरोप पुढे नेणाऱ्या एन्झाइमवर) संगणकात रेणू बसवलास, डॉकिंग स्कोअर, म्हणजे रेणू किती घट्ट बसेल याचा अंदाज, उणे ११ आला (जितका जास्त उणे तितका घट्ट), आणि आता सिंथेसिस सुरू करू का असं विचारतोस. माझं मत, अजून नको. बारा वर्षं हेच काम केलं म्हणून कळकळीनं सांगतो.

माणसात पाचशेच्या वर काइनेज आहेत आणि बहुतेकांचा एटीपी (पेशीचं इंधन) बसायचा खिसा सारखाच, म्हणून एकावरचं औषध दुसऱ्यालाही लागतं. तू दारव्ह्याकडचा, तुला लगेच समजेल. शेजाऱ्यानं धुऱ्यावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा फिरला, की आपल्या पऱ्हाटीची (कपाशीची) पानं भेंडीसारखी होतात. कॅन्सरच्या गोळीत असा फटका सोसतात, तिथे जिवाशी गाठ असते. फॅटी लिव्हरवाला रोज वखर हाकतो, त्याला काही दुखत नाही, आणि गोळी वर्षानुवर्षं घ्यायची. माझ्या बाबांच्या सोनोग्राफीत ग्रेड-२ आलंय. मळमळ झाली तर तिसऱ्या दिवशी ते गोळी फडताळात टाकतील.

त्याहून मोठी अडचण टार्गेटची. पेशीवर ऑक्सिडेटिव्ह ताण आला की एएसके-१ जागं होतं, पुढे पी-३८ आणि जेएनके ही काइनेज पेटतात, पेशी मरतात, यकृतातला व्रण (फायब्रोसिस) वाढतो. कागदावर चोख. गिलियड कंपनीचं सेलोन्सर्टिब हे औषध याच काइनेजवरचं. तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्या २०१९ मध्ये फसल्या. त्यातल्या एकीत, सिरॉसिसच्या आधीच्या पायरीवरच्या रुग्णांत ४८ आठवड्यांनी फायब्रोसिस एक पायरी उतरला तो १८ मिलिग्रॅमवर १० टक्क्यांत, ६ वर १२ टक्क्यांत आणि नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या गोळीवर) १३ टक्क्यांत! आणि औषध पोचलं नव्हतं असंही नाही. यकृतातलं फॉस्फो-पी-३८, म्हणजे पेटलेलं पी-३८, डोसप्रमाणे कमी झालं होतं. कुलूप उघडलं, पण दार दुसरंच निघालं. २०२४ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरसाठी मंजूर झालेलं रेस्मेटिरोम काइनेजवर नाही, थायरॉइड हार्मोनच्या बीटा रिसेप्टरवर काम करतं.

म्हणून एएसके-१ च घ्यायचं असेल, तर सेलोन्सर्टिब जिथे अडलं तिथे तुझा रेणू वेगळं काय करणार, हे आधी एका पानावर लिही. मग तोच रेणू जेएनके-१ आणि पी-३८ अल्फावरही डॉक कर. तिथेही उणे १० येत असेल तर त्या ११ ला अर्थ नाही. गाईडकडे हेप-जी-२ (यकृताच्या कॅन्सरच्या) पेशी असतील तर ओलिक-पाल्मिटिक ॲसिड देऊन चरबी भरव, ऑइल रेड-ओ या चरबी दाखवणाऱ्या रंगानं रंगव. व्रणासाठी मात्र एलएक्स-२ (यकृतात व्रण तयार करणाऱ्या) पेशी लागतील, हेप-जी-२ त्याचं उत्तर देत नाहीत. स्ट्रक्चर इथेच टाक, काइनेजच्या हिंज भागाशी (एटीपीच्या खिशाच्या बिजागरीशी) हायड्रोजन बंध कुठून जुळतोय ते बघून सांगतो.