वाचक विचारतात : टेस्ट नाही, मग वीस वर्षं कौंटी खेळून माणूस कमावतो काय?

प्रश्न : नमस्कार सर. मागच्या अंकात तुम्ही ओझरतं लिहिलंत की इंग्लंडमध्ये ढिगानं असे प्लेयर आहेत जे उभा जन्म कौंटी खेळले आणि टेस्ट एकही नाही. मला हे झेपतच नाही. आपल्याकडे रणजीवाल्याला निदान रेल्वेत नाहीतर बँकेत चिकटवून घ्यायचे. ह्या लोकांचं घर कसं चालायचं? आणि इंग्लंडकडून बोलावणं येत नाही हे दिसत असताना माणूस वेळीच सोडून दुसरं काही का बघत नाही? — एक वाचक, सांगली

उत्तर : कारण तिकडे कौंटी, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्याची टीम, हीच नोकरी आहे हो. रणजी म्हणजे टीम इंडियाच्या दाराबाहेरची रांग अशी आपल्याला सवय झालीय, तिकडे तसं नाही. फर्स्ट क्लास, म्हणजे वरच्या दर्जाचं अनेक दिवसांचं क्रिकेट खेळणाऱ्या कौंट्या १८, प्रत्येकीकडे करारावरचे वीस-बावीस प्लेयर धरा, म्हणजे चारेकशे माणसं आणि इंग्लंडच्या टीममध्ये जागा अकरा. हे गणित पोराला ॲकॅडमीत असल्यापासून माहीत असतं.

तरी काही उदाहरणं बघून जीव हळहळतो, नाही असं नाही. ग्लॅमॉर्गनचा ॲलन जोन्स घ्या. डावखुरा ओपनर, १९५७ ते १९८३ खेळला, फर्स्ट क्लासमध्ये ३६,०४९ रन, ५६ सेंचुऱ्या, २३ सीझन हजाराच्या वर. १९७० मध्ये साऊथ आफ्रिकेचा दौरा रद्द झाला म्हणून इंग्लंडनं रेस्ट ऑफ द वर्ल्ड, म्हणजे बाकी देशांतल्या प्लेयर्सच्या टीमबरोबर सिरीज ठेवली, लॉर्ड्सला ह्याला घेतलं, ५ आणि ०, दोन्ही वेळा माइक प्रॉक्टरनं काढला. वाईट झालं पण टेस्ट तर झाली ना म्हणावं, तर पुढे ठरलं की त्या मॅचेस टेस्ट नव्हत्याच! म्हणजे टेस्ट प्लेयर म्हणून घरी गेलेला माणूस बसल्या जागी बिगर-टेस्ट प्लेयर झाला. शेवटी २०२० मध्ये, त्या मॅचला ५० वर्षं झाल्यावर बोर्डाला उपरती झाली आणि ८१ वर्षांच्या जोन्सला ६९६ नंबरची इंग्लंड कॅप, म्हणजे इंग्लंडकडून खेळल्याची टोपी, दिली. त्याच कौंटीचा डॉन शेफर्ड, २,२१८ विकेट, टेस्ट शून्य. टेस्ट न खेळलेल्यांत एवढ्या विकेट कुणाच्याच नाहीत. पण ह्याच दोघांच्या ग्लॅमॉर्गननं १९६९ मध्ये एकही मॅच न हरता कौंट्यांची मुख्य स्पर्धा, म्हणजे चॅम्पियनशिप मारली, आणि वेल्समध्ये त्या वर्षाला अजून मान आहे.

आता पैशाचं. पगार बेताचाच, आणि पूर्वी तोसुद्धा एप्रिल ते सप्टेंबर. ऑक्टोबर उजाडला की दुसरं काम शोधा. कुणी गोडाऊनमध्ये, कुणी शाळेत, कुणी परदेशात कोचिंग, आणि ज्याच्या पायात फुटबॉल आहे तो फुटबॉल. ह्यातला माझा आवडता क्रिस बाल्डरस्टोन. १५ सप्टेंबर १९७५, चेस्टरफिल्डला लेस्टरशायर विरुद्ध डर्बीशायर, दिवस संपला तेव्हा हा ५१ नाबाद. ड्रेसिंग रूममध्येच फुटबॉलचे कपडे चढवले, गाडीत बसला, तीसेक मैलांवर डॉनकास्टरला गेला आणि डॉनकास्टर रोव्हर्सकडून ब्रेंटफर्डविरुद्ध रात्रीची मॅच खेळला, १-१ सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत चेस्टरफिल्ड, पॅड बांधले आणि सेंचुरी पुरी केली, आणि लेस्टरशायरनं त्याच मॅचमध्ये इतिहासातली पहिली चॅम्पियनशिप घेतली. आज एवढ्यावर डॉक्युमेंटरी काढतील. बरं हा पुढे दोन टेस्टही खेळला आणि मग अंपायर झाला.

खरी कमाई व्हायची ती बेनिफिटला. कौंटीची कॅप, म्हणजे कौंटीनं मान म्हणून दिलेली टोपी, मिळून साधारण दहा वर्षं झाली की कमिटी तुम्हाला एक सीझन बहाल करायची, त्या वर्षात तुमच्या नावानं मॅच, जेवणावळी, रॅफल, पबमध्ये कार्यक्रम, ग्राउंडभर बादल्या फिरवून चिल्लर गोळा करणं, जमेल ते. आपल्याकडच्या मंडळाच्या वर्गणीसारखंच, फक्त गणपतीच्या जागी चाळिशीला आलेला मीडियम पेसर! आणि गंमत म्हणजे हा पैसा टॅक्स फ्री. केंटच्या जेम्स सेमोरची १९२० मध्ये बेनिफिट मॅच झाली, इन्कमटॅक्सवाले मागे लागले, केस थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेली आणि १९२७ मध्ये निकाल लागला की हा पगार नव्हे, लोकांनी प्रेमानं दिलेली भेट आहे. ऐकायला गोड, पण ह्यातली मेख बघा. भेट ठरायची तर ती करारात लिहून चालत नाही, लिहिली की पगार झाला आणि टॅक्स लागला. म्हणजे माणसाची म्हातारपणाची पुंजी कमिटीच्या मर्जीवर. तोंड वर करून बोलणाऱ्या प्लेयरनं काय समजायचं ते समजावं. मला तरी ही पद्धत कधी पटली नाही, तिच्या नावानं कितीही उमाळे काढोत. एप्रिल २०१७ पासून नियम बदललाय, पहिले एक लाख पौंड माफ आणि तेही आयुष्यात एकदाच, वरच्याला टॅक्स.

आणि नशीब फिरलं तर भेट पण हुकायची. सॉमरसेटच्या बर्टी ब्यूसनं १९५३ मध्ये बेनिफिटसाठी आपल्या गावची, बाथची मॅच मागून घेतली, लँकेशायरविरुद्ध. पिच नव्यानं घातलेलं, अजून बसलेलं नाही. तीन दिवसांची मॅच एका दिवसात खलास, सॉमरसेट ५५ आणि ७९, लँकेशायर १५८, त्यांच्या टॅटरसॉलच्या १३ विकेट. लँकेशायरच्या सहा विकेट काढल्या कुणी? खुद्द ब्यूसनं, ४१ रनमध्ये! मॅचचा खर्च तेव्हा बेनिफिटवाल्याच्या खिशातून जायचा, आणि बाकीच्या दोन दिवसांचं गेट मनी बुडालं ते वेगळंच. लोकांनी नंतर वर्गणी काढून सावरलं.

"सोडून का देत नाही" ह्याचं उत्तर माझ्याकडे एकच, डॅरेन स्टीव्हन्स. लेस्टरशायरकडून सुरुवात, २००५ पासून केंट, इंग्लंडकडून कधीच नाही. २०१९ मध्ये केंटनं सांगितलं की बास आता, पुढचा करार नाही. हा ४३ वर्षांचा. सप्टेंबरमध्ये हेडिंग्लीला यॉर्कशायरविरुद्ध २३७ ठोकले आणि वर पाच विकेट काढल्या, मग कौंटीनं मुकाट्यानं कागद पुढे केला. २०२१ मध्ये कँटरबरीला ग्लॅमॉर्गनविरुद्ध केंट ८ बाद १२८, स्टीव्हन्सच्या जोडीला दुसऱ्या टोकाला मिगेल कमिन्स. नवव्या विकेटला १६६ ची भागी झाली आणि त्यात कमिन्सचा वाटा किती, तर एक रन. स्टीव्हन्स १९०, १५ सिक्स, वय ४५. आणि लगेच बॉल हातात घेऊन ग्लॅमॉर्गनच्या लाबुशेनला पायचीत. विस्डेन ह्या क्रिकेटच्या वार्षिकानं त्याच वर्षी पाच क्रिकेटर्स ऑफ द इयरमध्ये नाव घातलं. अशा माणसाला तू वेळीच दुसरं काही का बघितलं नाहीस असं कोण विचारणार?

अर्थात प्रत्येकाचा स्टीव्हन्स होत नाही. सप्टेंबर आला की दर कौंटीत चार-पाच जणांना हळूच ऑफिसात बोलावतात. विशी-बाविशीतलं पोर असतं, सेकंड इलेव्हनमध्ये, म्हणजे कौंटीच्या दुसऱ्या टीममध्ये, दोन सीझन काढलेले, करार संपला, धन्यवाद. त्यासाठीच प्लेयर्सची युनियन आहे, १९६७ मध्ये फ्रेड रम्सी नावाच्या फास्ट बॉलरनं सुरू केली, आज ती खेळ संपल्यावर काय करायचं ह्याचं ट्रेनिंग पण देते. अंपायरिंग हा जुना रस्ता आहेच. डिकी बर्ड यॉर्कशायरकडून १८१ नाबाद करून पुढच्या मॅचला बाहेर बसला होता, आणि जगभर नाव झालं ते पांढऱ्या कोटात.

प्रश्न : कौंटीची "कॅप" म्हणजे टीममध्ये आल्यावर सगळ्यांना मिळते तीच टोपी ना? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. जुन्या पद्धतीत कॅप कमवावी लागते, काही जण दहा सीझन खेळून बिनकॅपचे जातात. मिळाली की पगार वाढायचा आणि बेनिफिटचं घड्याळ सुरू व्हायचं. ग्लॉस्टरशायर आता पहिल्याच मॅचला देऊन टाकते, वूस्टरशायरनं तर कॅपच बंद केली.

प्रश्न : आपल्या मराठी मुलुखातल्या कुणाला कौंटीचा खरंच उपयोग झाला का? सचिन सोडून सांगा. — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यातला सांगतो, श्रीरामपूरचा झहीर खान. टीम इंडियातून बाहेर पडला होता, २००६ मध्ये वूस्टरशायरकडून चॅम्पियनशिपमध्ये ७८ विकेट काढल्या, एसेक्सविरुद्ध तर एका इनिंगमध्ये ९, आणि त्याच हिवाळ्यात साऊथ आफ्रिकेच्या विमानात बसला. एवढे ओव्हर एका उन्हाळ्यात आपल्याकडे कोण टाकायला देतं? दुसरे दादर पारशी कॉलनीचे फारुख इंजिनीअर, १९६८ मध्ये परदेशी प्लेयर्सना दार उघडलं तेव्हाच लँकेशायरला गेले आणि तिकडचेच झाले, २०२५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या एका स्टँडला क्लाइव्ह लॉइडबरोबर त्यांचंही नाव दिलं. आणि सचिन सोडून म्हणालात तरी एक सांगतोच, १९९२ मध्ये तो यॉर्कशायरचा पहिला परदेशी प्लेयर झाला तो ऑस्ट्रेलियाचा मॅकडर्मॉट जखमी झाला म्हणून. १,०७० रन केले, सेंचुरी मात्र एकच.

प्रश्न : माझा भाचा १९ वर्षांचा आहे, जिल्ह्याकडून खेळतो. एक एजंट म्हणतो इंग्लंडमध्ये "कौंटी खेळायला" पाठवतो, चार लाख भरा. ताई-दाजी कर्ज काढायला निघालेत. भरावेत का? — एक मामा, नाशिक

उत्तर : नाही, आणि आज रात्रीच ताईंना फोन करा. चॅम्पियनशिपमध्ये एका टीमला दोन परदेशी खेळवता येतात, त्या जागांवर झहीर आणि रहाणे जातात. आपल्या बोर्डाचं एनओसी लागतं ते वेगळं. आणि कौंटी प्लेयरला पैसे देते, घेत नाही. एजंट दाखवतोय ते बहुतेक शनिवारचं क्लब क्रिकेट असणार. ते वाईट नाही, पोरगं स्विंगवर खेळायला शिकेल, पण ते कौंटी नव्हे. एजंटकडून क्लबचं नाव लेखी मागा, क्लबच्या सेक्रेटरीला स्वतः ईमेल टाका, राहणं-जेवण कोण देणार आणि व्हिसा कुठला ते विचारा. एजंट क्लबचं नावच सांगेना, तर विषय तिथंच बंद करा.