सडलेला कोबी, ओला बटाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोबीची पाने कडेने पिवळी पडली, मग गड्डे आतून बुळबुळीत होऊन घाण वास सुटला. मॅन्कोझेबच्या दोन फवारण्या झाल्या, फरक नाही. आता काय मारावे?

उत्तर : मॅन्कोझेब बुरशीचे औषध आहे आणि ही सड जिवाणूंची. त्यातही बहुधा दोन वेगळ्या जिवाणूंची. पानाच्या कडेकडून मधल्या शिरेकडे निमुळता होत गेलेला पिवळा डाग आणि त्यात काळ्या शिरा दिसल्या, तर तो झँथोमोनासमुळे होणारा घाण्या रोग. देठ आडवा कापून पाहा, काळ्या ठिपक्यांचे कडे दिसेल. गड्डा लिबलिबीत करणारा जिवाणू मात्र पेक्टोबॅक्टेरियम. तो घाण्याच्या, किडीच्या किंवा खुरप्याच्या जखमेतून शिरतो आणि पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळवतो. म्हणून वरून धडधाकट दिसणाऱ्या गड्ड्यातही बोट सहज रुतते.

सडलेला गड्डा कोणत्याही औषधाने बरा होत नाही. तो उपटून शेताबाहेर खोल पुरा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. तुषार सिंचन आणि युरिया थांबवा, पाने ओली असताना पिकात शिरू नका. उरलेल्या निरोगी झाडांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के, लिटरला 2.5 ते 3 ग्रॅम फवारा. ते पानावरचे जिवाणू मारते, आत गेलेल्यांना हात लावत नाही. कोयता ब्लीचच्या द्रावणात (1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी) बुडवत जा.

घाण्या बियाण्यातून येतो, त्यामुळे खरा इलाज पुढच्या पेरणीआधीच करायचा. कोबीचे बी 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 25 मिनिटे (फुलकोबीचे 20), लगेच गार पाण्यात, मग सावलीत सुकवा. थर्मामीटरशिवाय हे करू नका, पाणी थोडे जास्त तापले तरी उगवण घटते. जुन्या बियाण्यावर तर नकोच. त्या जागी दोन-तीन वर्षे मका किंवा ज्वारी घ्या, मोहरी आणि मुळा नको, ते कोबीच्याच कुळातले.

फुलकोबीचा देठ आतून पोकळ निघत असेल तर बोरॉनची कमतरता तपासा. त्या पोकळीतूनही सड सुरू होते.

प्रश्न : बटाटा धुऊन साठवला की ओला होऊन फुटतो. न धुतलेला टिकतो. असे का?

उत्तर : पाण्याच्या पातळ थराने कंदाला प्राणवायू मिळत नाही. कंदाची प्रतिकारशक्ती मंदावते, पेक्टोबॅक्टेरियमला मात्र प्राणवायूवाचून चालते. ओलाव्याने सालीवरची सूक्ष्म छिद्रेही उघडतात. तेव्हा साठवायचा बटाटा धुऊच नये. पाला कापल्यावर 10 ते 15 दिवस कंद जमिनीतच राहू द्या. अंगठ्याने घासून साल निघत नाही, तेव्हाच काढा. विक्रीसाठी धुवायचाच असेल तर 30 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर लिटरला अर्धा ग्रॅम घ्या. पाणी गढूळ झाले की बदला, कारण मातीत क्लोरीन खर्ची पडतो. कंद खडखडीत सुकल्यावरच पोत्यात भरा.