गवती चहा: पात, वाफ आणि तेल

पावसाळ्यात मंडईत गवती चहाच्या जुड्या दिसू लागल्या की त्याच्या औषधी उपयोगांविषयी विचारणाही वाढते. त्यांपैकी काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न (कोथरूड): चहात गवती चहा किती घालावा? सर्दीत त्याचा खरोखर उपयोग होतो का?

एका कपाला वीतभर लांबीच्या दोन पाती पुरतात. पातीच्या कडा धारदार असल्यामुळे ती ओढून तोडण्याऐवजी कात्रीने कापावी, धुऊन तिची गाठ मारावी, ठेचलेल्या आल्याबरोबर पाण्यात टाकून झाकण ठेवून पाचेक मिनिटे मंद आचेवर उकळावी आणि चहापूड त्यानंतरच घालावी. पातीचा लिंबासारखा वास सिट्रल या चटकन उडून जाणाऱ्या द्रव्याचा असतो. झाकण नसेल, तर स्वयंपाकघर दरवळते आणि कपात गवताची चव तेवढी उरते. सर्दीत अशा गरम पेयाने घसा शेकतो, नाक मोकळे वाटते, थोडा घाम येतो, आणि आपल्या घरांत काढा दिला जाई तो याच आरामासाठी. प्रयोगशाळेत सिट्रल काही जिवाणू व बुरशींची वाढ रोखते, हे खरे असले तरी कपभर चहाने सर्दीचा विषाणू मरतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

प्रश्न (सिंहगड रस्ता): पातीऐवजी बाटलीतील तेलाचे दोन थेंब चहात टाकले तर चालतील का?

नाही. शंभर किलो ताज्या पातीतून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम तेल निघते, म्हणजे एकेका थेंबामागे १० ते १५ ग्रॅम पाती खर्ची पडलेल्या असतात. त्या तेलात सुमारे ७० ते ८० टक्के सिट्रलच असते. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. ते वर तरंगते आणि जसेच्या तसे ओठांना व घशाला लागून तेथे जळजळ करते. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा बाटलीवर जरा जास्तच सुळसुळाट झाला आहे.

मालिशसाठी हे तेल वापरायचे असल्यास ५० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा-सात थेंबांहून अधिक घालू नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी, कारण सिट्रलची ॲलर्जी असणारी माणसे कमी नाहीत.

प्रश्न (हडपसर): डेंग्यूच्या भीतीने गॅलरीत गवती चहाच्या चार कुंड्या ठेवल्या, तरी डास आहेतच. रोपांचे बुंधे तांबूस आहेत. ती खरी आहेत ना?

बुंधे तांबूस असतील, तर ते बहुधा सिट्रोनेला गवत असावे. ते याच कुळातले, पण चहासाठी वापरले जात नाही. पात चुरगळून पाहावी. गवती चहाचा वास स्वच्छ लिंबासारखा येतो, तर सिट्रोनेलाचा उग्र, डास पळवण्याच्या मलमाची आठवण करून देणारा असतो.

डासांचे म्हणाल, तर दोन्हींपैकी कोणत्याही रोपाचा नुसत्या अस्तित्वाने उपयोग होत नाही, कारण तेल पातीच्या आत असते आणि पात चुरगळल्याशिवाय ते फारसे बाहेर पडत नाही. काढलेले तेल डासांना दूर ठेवते, पण थोडाच वेळ. उलट कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला आयतेच मिळते. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासाव्यात, नाहीतर काढूनच टाकाव्यात. हा डास दिवसा चावतो, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न (औंध): सात महिन्यांच्या नातीला सर्दी झाली आहे. खोलीत डिफ्यूझरमधून हे तेल सोडावे का? घरात मांजरही आहे.

दोघींसाठीही नको. बाळाच्या श्वासमार्गाला तीव्र वास त्रासदायक ठरू शकतो, आणि मांजराच्या यकृताला अशी तेले नीट पचवता येत नाहीत. बाळाचे नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळे करावे. हे थेंब औषधाच्या दुकानात तयार मिळतात. श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध घेत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.